सॅमन माशांची परतणी आणि मासेमारीच्या हंगामाचा अजमास

आमच्या मासिकाचे वर्गणीदार बहुतेक जिराइत-बागाइतीचे धनी आहेत. त्यांच्यापुढें सात समुद्रांपलीकडील एका माशाचें प्रकरण मांडावयास घेतलें, हें पाहून कित्येकांस नवल वाटेल. कांहींजण पानहि उलटतील. परंतु प्रस्तुत लेखकाचीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं, आणि त्यांतील बरींच वर्षें दर सालीं पिकांच्या पैसेवारीचे तक्ते लिहिण्यांत गेलीं. उभें पीक पाहून तें किती उतरेल हें आगाऊ ठरविणें, त्या अजमासावर पुढचे हुकूम निघणें, आणि अजमास चुकल्यास त्याचें फळ अजमास करणारास न भोगतां शेतकऱ्यास भोगावें लागणें, हा सर्व व्यवहार मीं जवळून पाहिला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यांत, हाच व्यवहार पाण्यांतील पिकाविषयीं दर सालीं चालतो. माझा पुतण्या तेथें सॅक्रामेंटो शहरीं नोकरीस असल्यामुळें एका नोव्हेंबरांत मला तो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला, आणि मग त्या विषयावरील लेख व अहवाल पुतण्याकडून समजावून घेण्याचा नाद लागला.

प्रथम माशाची ओळख करून घेऊं. मुंबईच्या बाजारांत रावसास पुष्कळजण ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. परंतु रावस आणि सॅमन यांचें कूळ अगदीं भिन्न आहे. खरा सॅमन गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां गोड्या पाण्यांत येतो. आपल्या देशांत असा क्रम हिलशाचा आहे. तो समुद्रांतून गंगेंत चढत असे. १९७५ सालीं फराक्का येथील बंधारा सुरू झाल्यापासून त्याचें वरच्या गंगेंत जाणें जवळजवळ थांबलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण कॅलिफोर्नियांतील सर्व कथा धरणापासूनच सुरू होते.

पॅसिफिक महासागरांत सॅमनच्या अनेक जाती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी जात चिनूक. तिकडील मच्छीमार तिला ‘किंग’, म्हणजे राजा, म्हणतात. सॅक्रामेंटो नदींतील चिनूक ज्या ऋतूंत नदींत चढतो त्यावरून त्याचे चार वर्ग केलेले आहेत. मासेमारीचा मुख्य आधार म्हणजे शरद ऋतूंत चढणारा वर्ग होय. मादी नदीच्या तळाशीं असलेल्या गोट्यांत शेपटीनें खळगा करते, त्यांत सुमारें पांच हजार अंडीं घालते, नर त्यांवर रेत सोडतो, आणि थोड्याच दिवसांत नर व मादी दोघेंहि मरतात. चढणीस लागल्यापासून त्यांनीं अन्न असें घेतलेलेंच नसतें. अंड्यांस थंड व खेळतें पाणी लागतें. पाण्याचें उष्णमान १३ अंश सेल्सिअसच्या वर चढूं लागलें कीं अंडीं मरूं लागतात. हिवाळ्यांत पिलें गोट्यांतून बाहेर येतात आणि वसंतांत समुद्राकडे उतरतात. समुद्रांत त्यांचीं दोनपासून पांचपर्यंत वर्षें जातात. परंतु सॅक्रामेंटोचे बहुसंख्य मासे तिसऱ्या वर्षीं परततात. आपली जन्मनदी मासा वासावरून ओळखतो, हें विस्कॉन्सिन येथील आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं पुढें आणलें. पिलूं समुद्राकडे उतरतांना वाटेंतील पाण्याचा वास त्याच्या स्मरणांत बसतो आणि परततांना त्याच वासाच्या मागानें तें चढतें. हा मुद्दा पुढें फार महत्त्वाचा ठरणार आहे.

या माशाचें बीज माणसानें हातानें तयार करण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकन सरकारच्या मत्स्य कमिशनतर्फे लिव्हिंग्स्टन स्टोन नांवाच्या गृहस्थानें १८७२ सालीं सॅक्रामेंटोची उपनदी मॅक्लाउड हिच्या कांठीं बेअर्ड या नांवाचें केंद्र काढलें. गंमत अशी कीं तें केंद्र त्या नदीसाठीं नव्हतेंच. पूर्व किनाऱ्यावरील नद्यांत सॅमन संपत आला होता, म्हणून पश्चिमेकडील अंडीं आगगाडीनें पूर्वेकडे नेऊन तेथें मासा रुजवावा असा बेत होता. पूर्वेकडे तें बीं कांहीं रुजलें नाहीं. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅलिफोर्नियाचीं अंडीं न्यूझीलंडला गेलीं, आणि त्या परक्या नद्यांत चिनूक आजहि आहे. बियाण्याचा गुण कितीहि चांगला असला तरी तें कोठें लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं, हा अनुभव आपणांसहि आहेच.

बेअर्ड केंद्राची जागा आज पाण्याखालीं आहे. सॅक्रामेंटो नदीवर शास्ता धरणाचें काम १९३८ सालीं सुरू होऊन १९४५ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या जलाशयांत ती बुडाली. शास्ताच्या वरचीं थंड पाण्याचीं सर्व अंडीं घालण्याचीं ठिकाणें माशास कायमचीं बंद झालीं. ही हानि भरून काढण्यासाठीं १९४२ सालीं बॅटल क्रीक या ओढ्यावर कोलमन येथें मत्स्यबीज केंद्र उघडण्यांत आलें. पुढें अमेरिकन नदीवर फॉल्सम व निंबस हीं धरणें झालीं, त्यांच्या भरपाईसाठीं निंबस केंद्र झालें. फेदर नदीवर ओरोव्हिल धरण झालें, त्याच्या भरपाईसाठीं १९६७ सालीं फेदर केंद्र झालें. धरणांत जमीन गेली तर खातेदारास मोबदला मिळतो. येथें नदीस मोबदला म्हणून केंद्र दिलें, असें म्हटलें तरी चालेल. मोबदल्याची रक्कम जमिनीच्या जागीं कितपत पुरते, तें धरणग्रस्तांस विचारावें. अशा सर्व केंद्रांतून मिळून शरद वर्गाचीं सुमारें सव्वातीन कोटी पिलें दर वर्षीं सोडण्यांत येतात.

मीं पाहिलें तें निंबस केंद्र. सॅक्रामेंटो शहरापासून तें थोड्याच अंतरावर आहे. नदींतून केंद्रांत येण्यास सिमेंटचा एक जिना बांधला आहे. त्याच्या प्रत्येक पायरीवर पाण्याचें लहान कुंड आहे आणि वरच्या कुंडांतून खालच्या कुंडांत पाणी जोरानें पडत असतें. नोव्हेंबरच्या सुमारास नदीचें पाणी पुरेसें थंड झालें म्हणजे या जिन्याचें दार उघडतात. हातभर, दीड हातभर लांबीचे मासे एका कुंडांतून दुसऱ्यांत उड्या मारीत चढत होते. कित्येकांचीं अंगें गोट्यांनीं खरचटलेलीं होतीं आणि शेपट्या झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. कांठावर शाळेंतील मुलें उभीं होतीं. मासा पायरी चुकून मागें पडला कीं तीं हळहळत, आणि चढला कीं टाळ्या वाजवीत. मी मात्र, जुन्या संवयीप्रमाणें, मोजूं लागलों. पुतण्या हंसला व म्हणाला, “काका, तें काम करायला येथें पगारी माणसें आहेत.”

पगारी माणसें खरोखरच होतीं. जिन्याच्या वर मासे एका हौदांत जमतात. तेथें त्यांस प्रथम बधिर करतात व नंतर पक्व झालेले व न झालेले असे निवडतात. पक्व मादीस मारून तिचें पोट चिरतात आणि अंडीं भांड्यांत काढतात. नराचें पोट दाबून रेत त्यांवर सोडतात. थोडें पाणी घालून ढवळलें कीं अंडीं फळलीं. मारण्याचें हें काम पाहून मला प्रथम वाईट वाटलें, परंतु हे मासे नदींत राहिले असते तरी आठ-पंधरा दिवसांत मरणारच होते. खाण्याजोगे मासे अन्नदान करणाऱ्या संस्थांस देतात. फळलेलीं अंडीं ट्रेंत ठेवून त्यांवरून थंड पाणी वाहतें ठेवतात. महिन्याभरानें अंड्यांत पिलाच्या डोळ्याचा काळा ठिपका दिसूं लागतो. त्या अवस्थेंतील अंडें कांटक होतें व दूर नेतां येतें. पुढें आणखी कांहीं आठवड्यांनीं पिलूं बाहेर पडतें, तें पोटाखालची अन्नाची पिशवी घेऊनच. ती संपली म्हणजे त्यास खाद्य द्यावयाचें. आपल्याकडील मत्स्यबीज केंद्रांत जिरे व बोटुकली असे टप्पे करतात, तसेंच तेथेंहि टप्पे आहेत. बोटभर पिलूं वसंतांत नदींत किंवा खाडीजवळ सोडतात. सोडलेल्या शंभर पिलांतून एखादें मोठें होऊन परतलें तरी वर्ष बरें गेलें असें समजतात.

आतां पैसेवारीकडे वळूं. समुद्रांतील मासा कोणास मोजतां येत नाहीं. मग ‘यंदा किती मासे धरूं द्यावे’ हें कशावरून ठरवावयाचें? याची युक्ति मोठी सुंदर आहे. चिनूकपैकीं कांहीं नर आपल्या बरोबरीच्या भावंडांपेक्षां एक वर्ष आधींच, म्हणजे दुसऱ्याच वर्षीं, नदींत परततात. ते आकारानें लहान असतात. तिकडे त्यांस ‘जॅक’ म्हणतात. एका सालीं किती जॅक आले यावरून पुढील सालीं त्याच वयाचीं भावंडें समुद्रांत किती असतील याचा हिशेब करतात. ज्वारीचीं चार कणसें अगोदर निसवलीं असतां शेतकरी सगळ्या शेताचा अंदाज बांधतो, तसाच हा प्रकार. जॅकांची गणना केंद्राच्या जिन्यावर होते आणि नदीच्या पात्रांत मेलेल्या माशांच्या कलेवरांवरूनहि होते.

याच्या जोडीस दुसरें साधन तारेचें आहे. पिलूं सोडण्यापूर्वीं त्याच्या नाकाडांत सुमारें एक मिलिमीटर लांबीचा पोलादी तारेचा तुकडा यंत्रानें खुपसतात. त्या तुकड्यावर अंक कोरलेले असतात; त्यांवरून केंद्र, वर्ष व गट समजतो. बाहेरून ओळख पटावी म्हणून पाठीवरचा, शेपटीजवळचा लहानसा मांसल पर कापतात. २००७ सालापासून सॅक्रामेंटोच्या खोऱ्यांतील शरद वर्गाच्या केंद्रांतून सोडलेल्या पिलांपैकीं निदान शेंकडा पंचवीस पिलांस अशी तार घालतात. बंदरावर मासळी उतरली कीं गणना करणारे लोक पर कापलेल्या माशांचीं डोकीं मागून घेतात व प्रयोगशाळेंत तार काढून वाचतात. सात-बाराच्या उताऱ्यावरून जमिनीचा मालक कळावा तसें त्या तारेवरून माशाचें मूळ गांव कळतें. ज्या देशांत माशाच्या नाकांत उतारा आहे, तेथील दप्तराविषयीं निवृत्त कारकुनास आदर वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी.

या सर्व आंकड्यांवरून ‘सॅक्रामेंटो निर्देशांक’ काढतात. समुद्रांत धरलेले, नदींत धरलेले व नदींत परत पोंचलेले अशा प्रौढ माशांची ती बेरीज होय. १९७६ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें पॅसिफिक मत्स्यव्यवस्थापन मंडळ दर सालीं मार्चमध्यें अजमास पाहून दोन-तीन पर्याय पुढें मांडतें, लोकांचें म्हणणें ऐकतें, आणि एप्रिलमध्यें हंगाम किती दिवसांचा, कोणत्या किनाऱ्यावर, किती लांबीच्या माशाचा, हें ठरवितें. पाहावयाचें मुख्य तत्त्व एकच: धरपकडीनंतर निदान १,२२,००० ते १,८०,००० प्रौढ मासे अंडीं घालण्यास नदींत पोंचले पाहिजेत. ही बेवडाची रक्कम म्हणा कीं बियाण्याचा कणगा म्हणा. तो आधीं भरावयाचा आणि उरेल तें विकावयाचें.

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी २००७ ते २००९ या सालांत लागली. २००२ सालीं सॅक्रामेंटोच्या खोऱ्यांत पावणेआठ लाखांच्या आसपास प्रौढ मासे परतले होते. इतकी चंगळ कोणीं पाहिली नव्हती. २००७ च्या शरदांत मात्र परतलेल्या माशांची संख्या लाखाच्या आंत आली. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे जॅक अवघे दोन हजारांच्या सुमारास आले. सरासरीनें ते चाळीस हजारांच्या घरांत येत. म्हणजे पुढच्या सालचें पीक उगवलेंच नव्हतें. मंडळानें एप्रिल २००८ मध्यें कॅलिफोर्नियाच्या समुद्रांत चिनूकची मासेमारी सबंध बंद केली. असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. २००९ सालींहि ती बंदच राहिली, आणि त्या वर्षीं परतलेले मासे चाळीस हजारांच्या आसपास होते. मच्छीमार व त्यांच्यावर अवलंबून असणारे धंदे यांच्यासाठीं अमेरिकन सरकारनें १७ कोटी डॉलरांची मदत मंजूर केली. फोर्ट ब्रॅग, बोडेगा बे, हाफ मून बे अशा बंदरांत सॅमनवर पोट असणारे लोक जाळीं टाकीत नाहींत. लहान होड्यांमागें गळांच्या दोऱ्या ओढीत ते मासे धरतात. अशा होडीचा धनी म्हणजे आपल्याकडील पांच-सात एकरांचा शेतकरीच समजावा. होडीचें कर्ज, डिझेल, गोदीचें भाडें, हें सर्व हंगाम असो वा नसो चालूच असतें.

हें असें कां झालें, याची चौकशी शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें केली व २००९ सालीं आपला अहवाल दिला. तात्कालिक कारण समुद्राचें निघालें. वसंतांत वारे सुटून समुद्राच्या तळचें थंड व सकस पाणी वर येतें, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि ते खाऊन सॅमनचीं पिलें जगतात. २००५ व २००६ या सालीं हा क्रम बिघडला, आणि पिलें समुद्रांत शिरलीं तीं उपाशीं मेलीं. परंतु अहवालानें तेवढ्यावर थांबणें पसंत केलें नाहीं. धरणांनीं व बांधांनीं नदीचे नाना प्रकारचे आश्रय नष्ट झाले, आणि त्यांच्या जागीं मोठ्या प्रमाणावर केंद्राचे एकसारखे मासे आले, यामुळें सर्व माशांचें दैव एकाच फाशावर लागलें, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. पूर्वीं कांहीं मासे लवकर उतरत, कांहीं उशिरां. कांहीं या ओढ्याचे, कांहीं त्या. एकाचें वाईट झालें तर दुसरा तगे. सगळ्या शिवारांत एकच वाण, एकाच आठवड्यांत पेरलेला, अशी स्थिति झाल्यावर एका खाड्यानें काय होतें हें वेगळें सांगावयास नको.

दुसरी कसोटी अगदीं अलीकडची आहे, आणि तींत अजमासच फसला. २०२२ सालीं निर्देशांकाचा अजमास चार लाखांच्या आसपास होता. हंगाम उघडला गेला आणि धरपकड झाल्यावरहि सुमारें दोन लाख मासे नदींत पोंचतील असें धरलें होतें. पोंचले सुमारें ६२ हजार. म्हणजे बियाण्याची किमान रक्कमहि निम्म्यावर आली. मला येथें आमच्या तालुक्यांतील एक साल आठवतें. सप्टेंबरांत नजर पैसेवारी पाहावयास कमिटी गेली तेव्हां बाजरी छातीइतकी उभी होती. पैसेवारी पन्नासाच्या बरीच वर लागली, आणि तीं कागदें मीं स्वतः लिहिलीं. पुढें दाणा भरण्याच्या वेळीं पावसानें दगा दिला. कणसें पोचट निघालीं. दुरुस्तीस वाव होता, परंतु लिहिलेला आंकडा खालीं आणण्यास कोणाचाच हात धजेना, आणि अंतिम पैसेवारीहि पन्नासाच्या वरच राहिली. त्या गांवच्या लोकांस त्या सालीं सवलत मिळाली नाहीं. उभ्या पिकाची उंची मोजली होती, दाणा मोजला नव्हता. जॅकांची गणनाहि एका अर्थीं उंचीचीच मोजणी आहे. त्यानंतरच्या वर्षभरांत समुद्रांत काय होईल तें तिच्यांत येत नाहीं.

तिकडील मंडळानें मात्र आपला आंकडा खालीं आणला. २०२३ च्या एप्रिलांत, अजमास पावणेदोन लाखांच्या आंतला असतां, मासेमारी सबंध बंद केली. २०२४ सालीं अजमास दोन लाखांवर होता; परंतु मागील चुकीचा धडा ताजा असल्यानें पुन्हां बंद. २०२५ सालीं अजमास सुमारें १,६६,००० चा झाला. व्यापारी मासेमारी तिसऱ्या सालींहि बंद राहिली, व हौशी गळवाल्यांस फार तर कांहीं दिवस आणि मोजके मासे धरण्याची मुभा मिळाली. आतां पाहा: २०२३ सालीं, समुद्रांत एकहि मासा न धरतां, सुमारें १,३४,००० मासे नदींत परतले. २०२४ सालीं तशीच बंदी असतां ९९ हजारांच्या आसपासच परतले. म्हणजे धरणाऱ्याचा हात पूर्णपणें बांधूनहि कणगा भरला नाहीं. तेव्हां दोष केवळ गळाचा नव्हे.

तो कोठें आहे हें पाहण्यास तीन वर्षें मागें जावें लागतें. २०२४ सालीं परतावयाचा मासा २०२१ च्या शरदांत अंड्यांत होता आणि २०२२ च्या वसंतांत समुद्राकडे निघाला होता. २०२० ते २०२२ हीं तिन्हीं सालें कॅलिफोर्नियांत कडक अवर्षणाचीं गेलीं. जलाशयांत थंड पाणी उरलें नाहीं. नदी उथळ व ऊन झाली. त्या राज्यांत हिवाळी वर्गाचा चिनूक नष्ट होण्याच्या मार्गावर असल्यामुळें त्याचा हिशेब बारकाईनें ठेवतात. २०२१ सालीं त्याच्या नदींतील अंड्यांपैकीं शेंकडा तीनसुद्धां पिलें जगलीं नाहींत. या मासळीचा दुष्काळ पाण्याच्या दुष्काळामागून तीन वर्षांनीं येतो, हें ज्यानें ओळखलें तो जॅक मोजण्याआधींच हंगामाविषयीं पुष्कळ सांगूं शकेल. २०२३ च्या हिवाळ्यांत तेथें पाऊस व बर्फ विपुल झालें, आणि त्या वसंतांत उतरणाऱ्या पिलांस भरपूर पाणी मिळालें; परंतु तीं पिलें २०२२ सालच्या त्या ६२ हजारांचींच होतीं. पाणी पुष्कळ पण पेरा थोडा, अशी ती पेरणी होती.

मग केंद्रांनींच अधिक पिलें कां काढूं नयेत, असें सहज मनांत येतें. माझ्याहि मनांत आलें होतें. याचें उत्तर कोलमन केंद्राच्या अनुभवांत सांपडतें. २०१४ व २०१५ सालीं नदी आटल्यामुळें केंद्राचीं पिलें टाक्यांच्या मोटारींत भरून शेंकडो मैल खालीं, समुद्राजवळ नेऊन सोडलीं. पिलें वांचलीं खरीं. परंतु वाटेंतील पाण्याचा वास त्यांस मिळालाच नाहीं. तीन वर्षांनीं मोठे होऊन ते मासे आले तेव्हां त्यांस आपलें घर सांपडेना. पुष्कळसे भलत्याच नद्यांत शिरले, आणि २०१७ च्या शरदांत कोलमन केंद्रास पुरेशीं अंडींहि मिळालीं नाहींत. मोटारीनें घराबाहेर काढलेलें पोर घर विसरलें, यांत पोराचा अपराध काय? आतां मोटारीची नेआण केव्हां करावी याचा दर सालीं पाण्याकडे पाहून विचार करतात, आणि तो विचार सोपा नसतो. नदींत सोडलें तर वाटेंत मरतील, मोटारींत नेलें तर वाट चुकतील.

आणखी एक चमत्कारिक संकट २०२० च्या आरंभीं उद्भवलें. केंद्रांतील पिलें गिरक्या घेत, पोहतां पोहतां उलटीं पडत व मरत. रोग सांपडेना. शेवटीं कळलें कीं त्यांस ‘बी-१’ जीवनसत्त्व कमी पडलें आहे. त्यांच्या आयांनीं समुद्रांत जवळजवळ एकाच प्रकारची मासळी, अँकोव्ही, खाल्ली होती, आणि त्या मासळींत हें जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. सडलेल्या तांदळावर राहणाऱ्या माणसास बेरीबेरी होतो, त्याचीच ही जलचर आवृत्ति. केंद्रांत उपाय सोपा होता: पिलांस जीवनसत्त्वाच्या पाण्यांत बुडवून काढलें कीं कांहीं तासांत तीं सुधारत, आणि पुढें मादीलाच टोंचणी देऊं लागले. नदींतील अंड्यांस ही टोंचणी कोण देणार?

आतां शेतकऱ्यांचा विषय. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यांत बदाम, द्राक्षें, टोमॅटो, भात हीं पिकें धरणांच्या पाण्यावर होतात, आणि मासेवाले व बागाइतदार यांचा पाण्यावरून जुना तंटा आहे. तंट्यांत कोणाचा पक्ष घ्यावा हें मी ठरवूं इच्छीत नाहीं. कालव्याच्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा आहे त्याच्यासाठीं मीं आयुष्यभर अर्ज लिहिले आहेत. परंतु एक प्रयोग आमच्या भातकरी वाचकांनीं अवश्य ऐकावा. सॅक्रामेंटो शहराजवळ पुराचें पाणी सोडण्यासाठीं योलो बायपास नांवाचा मोठा सखल पट्टा राखलेला आहे. त्यांत उन्हाळ्यांत भात पिकतें. २०१२ सालापासून तेथील कांहीं खाचरांत, भात कापल्यावर, हिवाळ्यांत पाणी साठवून त्यांत सॅमनचीं पिलें सोडूं लागले. भाताचीं धसकटें कुजून पाण्यांत सूक्ष्म किडे अतोनात वाढतात. ते खाऊन पिलें नदींतील पिलांपेक्षां फार जलद वाढलीं व चांगलीं गुबगुबीत झालीं. समुद्रांत शिरतांना पिलूं जितकें मोठें तितकें तें जगण्याचा संभव अधिक. बांधांनीं नदीपासून तोडलेली पूरजमीन नदीस थोडे दिवस उसनी द्यावयाची, आणि पेरणीच्या आधीं परत घ्यावयाची, असा हा करार आहे. शेतकऱ्याचें पीक बुडत नाहीं. धसकटें जाळावीं लागत नाहींत, हा वर फायदा.

उत्तरेकडील क्लॅमथ नदीवर तर याहून पुढें पाऊल पडलें. तेथील जुनीं चार विद्युत-धरणें पाडण्याचें काम २०२४ सालीं पुरें झालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें, शंभराहून अधिक वर्षें बंद असलेल्या वरच्या पाण्यांत, ऑरेगॉन राज्याच्या हद्दींत, चिनूक पोंचलेला आढळला. त्यास कोणीं वाट दाखविली नव्हती. प्रत्येक धरण असें पाडतां येईल असें नाहीं. शास्ता तर नाहींच. पण जेथें वीज थोडी व खर्च मोठा अशी स्थिति आहे, तेथें हिशेब वेगळा होऊं शकतो.

निंबसच्या जिन्यावर मीं मोजलेल्या माशांत, माझ्या अडाणी डोळ्यांस दिसलें त्याप्रमाणें, लहान चणीचे नर बरेच होते. मीं तेथील एका सेवकास पुतण्याकरवीं विचारलें कीं मग पुढचें साल चांगलें म्हणावें काय? त्यानें मान हलवून सांगितलें कीं जॅक चांगले आहेत; समुद्रानें साथ दिली पाहिजे. आमच्याकडील कोणीहि शेतकरी ऑगस्टांत हेंच उत्तर देतो.

महाशीर माशाचें बीज अशाच रीतीनें, मादीचें पोट हलकें दाबून व तिला जिवंत ठेवून, लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या केंद्रांत काढतात. त्याविषयीं, तसेंच शेततळ्यांत कटला-रोहूची बोटुकली किती वाढल्यावर व कोणत्या महिन्यांत सोडावी याविषयीं, कांहीं वर्गणीदारांनीं पत्रें लिहिलीं आहेत. त्यांचीं उत्तरें पुढील अंकीं देईन.